मोटार भरणाऱ्या कमलबाईचा गोंधळ

झरीत बसथांब्यामागच्या गल्लीत मोटारीचं दुकान आहे. मोटार म्हणजे गाडी नव्हे, विहिरीवरची. जळालेली मोटार उघडायची, आतलं काळं पडलेलं तांबं काढून टाकायचं, नव्या तारेचे वेढे घालून ती पुन्हा भरायची, हे तिथलं काम. गावात कुणालाही विचारा, तो गोपीचंदचं दुकान म्हणूनच दाखवील. गोपीचंद उंच, बोलका, विहिरीत उतरून मोटार वर काढण्यात पटाईत. पण ती भरायची त्याची बायको, कमलबाई. हे गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं असं नाही. कुणी कधी तसं म्हटलं नव्हतं, एवढंच.

ती लग्न होऊन आली तेव्हा भरायचं काम तिचे दीर करत. ते पुण्याला कंपनीत गेले आणि काम गोपीचंदच्या अंगावर पडलं. गोपीचंदला वेढे मोजता येत नसत. म्हणजे मोजता येत, पण मध्येच कुणी आलं की तो बोलायला लागे आणि आकडा विसरे. कमलबाई चहा घेऊन यायची तेव्हा हे बघायची. एका दुपारी तिने ती अर्धवट कॉइल त्याच्या हातातून घेतली आणि पुरी केली. ती शंभरापर्यंत न मोजता विसावर मोजायची: एक वीस, दोन विसा, तीन विसा अन् दोन. कितीही माणसं येऊन बोलू देत, तिची वीस कधी चुकली नाही. त्या दिवसापासून भरायचं काम तिच्याकडे गेलं. त्याला आता बावीस वर्षं झाली. कमलबाई बेचाळिशीच्या पुढे आहे.

मग शिवारात सौर पंप आले. आधी एक-दोन, मग ज्याच्या त्याच्या रानात निळ्या काचा दिसायला लागल्या. विजेचा दाब कमी-जास्त होऊन मोटार जळायची, ते प्रमाण कमी झालं. गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसे, तिथं गेल्या वर्षी चार मोटारी होत्या. गोपीचंदला त्याची झळ लागली नाही. सौर पंप बसवणाऱ्या ठेकेदाराला विहिरीत उतरणारा, पाइप जोडणारा माणूस हवाच होता. तो त्यांच्याबरोबर जायला लागला आणि खूश होता. कमलबाईला म्हणाला, लय वर्षं मान मोडून बसलीस, आता निवांत बस.

त्याने ते मायेनेच म्हटलं होतं. ती तीन दिवस निवांत बसली. चौथ्या दिवशी गोपीचंद संध्याकाळी आला तर ती एका चांगल्या, चालू मोटारीचं तांबं काढून तीच मोटार पुन्हा भरत होती. तो दारात थोडा वेळ उभा राहिला आणि हात-पाय धुवायला गेला.

त्यांची मुलगी निकिता परभणीला कृषी विद्यापीठात शिकते. रविवारी घरी आली तेव्हा बापाने तिला ही गोष्ट सांगितली. निकिताने आईला विचारलं, तुला काय करायचं हाय? कमलबाईला प्रश्नच कळला नाही. तिला कधी कुणी असं विचारलं नव्हतं. समोर काम आलं की ते करायचं, एवढंच तिला ठाऊक. निकिता सांगायला लागली की तिच्या विद्यापीठात नवं वाण आलं तर कुणी लगेच सगळ्या रानात पेरत नाही. छोट्या-छोट्या वाफ्यांत लावतात, बघतात, मग ठरवतात.

"तू बी तसंच कर, आई. एकेक काम महिना-पंधरा दिवस करून बघ. चुकलं तरी चालतंय असं."

"चुकलं तरी चालतंय असं कोणतं काम असतंय?" कमलबाईने विचारलं.

तिने हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिच्या धंद्यात चुकलं की मोटार जळायची आणि कुणाचं तरी पीक वाळायचं. बावीस वर्षांत तिने चुकायला मोकळीक असलेलं काम बघितलंच नव्हतं. निकिता म्हणाली, करून तर बघ. अट एकच: रोज संध्याकाळी फोनवर बोलून आवाजाचा मेसेज पाठवायचा. आज काय केलं, काय जमलं, कसं वाटलं. समोर माणूस नसताना फोनशी बोलायचं या कल्पनेनेच कमलबाईला लाज वाटली. पण तिने हो म्हटलं.

पहिला महिना घरगुती पंख्यांचा. गल्लीतल्या बायकांना तिने सांगितलं आणि दोन दिवसांत ओसरीवर बंद पडलेले पंखे, मिक्सर, एक कूलर येऊन पडले. पंखा तिला सोपा गेला. मिक्सरने मात्र डोळे दुखायला लागले. आतली तार केसासारखी बारीक. बायका पंखा घेऊन यायच्या आणि बसायच्या. कमलबाईला ते आवडलं. मोटारी घेऊन येणारी माणसं तिच्याशी कधी बोलली नव्हती, ती गोपीचंदशी बोलत. पण आवडतंय ते काम की बायकांचं येऊन बसणं, हे तिला ठरवता येईना. उन्हाळा सरला, तसे पंखे यायचे थांबले आणि बायकाही.

दुसऱ्या महिन्यात ती गोपीचंदबरोबर सौर पंपाच्या कामाला गेली. ज्या शेतकऱ्यांच्या मोटारी तिने वर्षानुवर्षं भरल्या होत्या, ते तिला रानात बघून चमकले. एकाने गोपीचंदलाच विचारलं, वहिनीला कशाला उन्हात आणलंय? तिला काच पुसायला सांगितली. तिला बघायचा होता तो डबा, ज्यातून पंपाला वीज जाते. एका ठिकाणी तो बंद पडला. तिने पाना काढला, तर ठेकेदाराचा माणूस धावत आला. तो डबा उघडायचा नसतो, म्हणाला. बंद पडला की नवा लावायचा आणि जुना कंपनीला पाठवायचा. कमलबाईने पाना पिशवीत ठेवला. त्या संध्याकाळी तिने निकिताला पाठवलेला मेसेज एवढाच होता: "आज काचा पुसल्या. चौदा. सगळं ठीक हाय."

मग निकितानेच परभणीतलं एक प्रशिक्षण केंद्र शोधलं. तिथं गावोगावच्या मुलींना विजेची कामं शिकवत. केंद्र चालवणारे सिताराम सर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ होते. त्यांना मोटार भरणं दाखवणारं कुणी तरी पंधरा दिवसांसाठी हवं होतं. कमलबाई जिंतूरकडून येणाऱ्या एसटीने सकाळी निघाली, तेव्हा गोपीचंदने तिला पिशवीत एक पाण्याची बाटली जास्तीची ठेवून दिली. ती घाबरली होती हे त्याला दिसलं होतं.

अकरा मुली समोर बसल्या. कमलबाईने मोटार उघडली, तार घेतली आणि भरायला लागली. मुली बघत राहिल्या. थोड्या वेळाने पंकजा नावाची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पर तुमी काय करायलाव ते सांगा की."

मॅडम कुणाला म्हणते म्हणून कमलबाईने मागं वळून बघितलं. मग तिने सांगायचा प्रयत्न केला. हाताला माहीत होतं ते तोंडात येईना. मुलींनी विचारलं, वेढे किती? ती म्हणाली, तीन विसा दोन. विसा म्हणजे काय, हे अर्ध्या मुलींना ठाऊक नव्हतं. बासष्टच का, साठ का नाही? कमलबाईला हा प्रश्न पडलाच नव्हता. जुन्या मोटारीत जेवढे निघाले तेवढे नव्यात घालायचे. सिताराम सरांनी फळ्यावर सूत्र लिहिलं, मुलींनी ते वहीत उतरवलं आणि कमलबाई कोपऱ्यात उभी राहून ते सूत्र बघत राहिली. बावीस वर्षं तिने जे हाताने केलं ते तिथं चार अक्षरांत लिहिलेलं होतं आणि तिला ते वाचता येत नव्हतं.

पण हात धरून शिकवणं तिला जमायला लागलं. तार ओढताना कुणाचा अंगठा चुकतो ते तिला लांबून दिसे. सहा दिवसांत मुलींनी तिच्या देखरेखीखाली एक अख्खी मोटार भरली. सातव्या दिवशी सगळ्यांसमोर ती चालू करायची होती. दिवा जोडून तार कुठं लोखंडाला लागत नाही ना ते तपासलं, मोटार ठीक निघाली. बटण दाबलं. मोटार फिरली, मुलींनी टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटांनी तिच्यातून धूर निघाला.

सिताराम सरांनी बटण बंद केलं. मुली कमलबाईकडे बघायला लागल्या. तिने हात पुसले. पिशवी उचलली आणि दुपारच्या गाडीने घरी आली. ओसरीवर बसून तिने फोन हातात घेतला आणि पहिल्यांदाच न थांबता बोलत सुटली. काय झालं ते सांगितलं, मग तेच पुन्हा सांगितलं, मग दिरांची आठवण काढली, मग म्हणाली की मला कुणी शिकवलंच न्हाई तर मी काय शिकवू. बोलता बोलता रडायला लागली. मेसेज अकरा मिनिटांचा झाला.

दुसऱ्या दिवशी ती जाणार नव्हती. मोटार कुठं जळाली हे न बघता मात्र तिला राहवेना. त्यासाठी म्हणून ती गेली. मुली येण्याआधीच पोचली, मोटार उघडली आणि खाचेच्या तोंडाशी तिला काळा डाग दिसला. मोटारीच्या लोखंडी खाचेत तार घालण्याआधी एक जाड कागद बसवतात, तार लोखंडाला लागू नये म्हणून. तो कागद खाचेच्या दोन्ही बाजूंनी थोडा बाहेर यावा लागतो. इथं तो अगदी काठोकाठ कापलेला होता. मोटार गरम झाली, थरथरली, तार लोखंडाच्या कडेला घासली आणि जळाली. कागद मुलींनी कापला होता. पण एवढाच कापा असं दाखवलं होतं कमलबाईने. ती नेहमीच तेवढाच कापत आली होती. दिरांना तसंच करताना तिने बघितलं होतं.

तिने तो कागद खाचेतून ओढून काढला. सिताराम सर आले. तिने कागदाचा तुकडा त्यांच्यासमोर धरला आणि चूक आपली आहे हे सांगितलं. मुली आल्या, तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. सर म्हणाले, होतं असं, पुढच्या वेळी दोन्हीकडे अर्धं बोट जास्त ठेवू. त्यांच्या दृष्टीने विषय तिथं संपला. कमलबाईच्या दृष्टीने तो तिथून सुरू झाला. बावीस वर्षांत दुकानातून गेलेल्या मोटारी तिच्या डोळ्यांपुढून जायला लागल्या. त्यातल्या कितीतरी पुन्हा जळून परत आल्या होत्या. आपण दर वेळी विजेला बोल लावला. त्यातल्या किती विजेने जळाल्या आणि किती या कागदाने?

पंधरा दिवस संपल्यावर ती घरी हेच घेऊन आली. गोपीचंदने तिची समजूत घातली की अगं, वीजच तशी होती, सगळ्या गावाच्या मोटारी जळायच्या. तिला ते खरं वाटे आणि खोटंही वाटे. मग तिने स्वतःच एक गोष्ट सुरू केली, निकिताला न विचारता. आपण आधी भरलेली जी मोटार दुकानात परत येईल ती नीट उघडून बघायची. एकच बाजू काळी झाली असेल तर ते विजेचं काम. तीन तारांपैकी एका तारेतली वीज, म्हणजे एक फेज, गेली की तसं होतं. खाचेच्या तोंडाशी जळाली असेल तर ते आपलं. दोन महिन्यांत सात मोटारी आल्या. चार विजेने जळालेल्या. दोन तिच्या. एकीचं काही कळेना. तिचं आतलं लोखंडही घासलेलं होतं.

दोन तिच्या होत्या, म्हणजे ती अगदी निर्दोष नव्हती. पण सगळा दोषही तिचा नव्हता. याचं बरं वाटून घ्यायचं की वाईट, ते तिला ठरवता आलं नाही.

मधल्या काळात ती प्रत्येक मोटारीत कागद मोठा कापत होती. नव्या पद्धतीची पहिली मोटार भगवानरावांची. हे गावातले बडे शेतकरी, दोन विहिरी, दोन्हीवर अजून विजेच्याच मोटारी. ती मोटार विसाव्या दिवशी जळून परत आली. कमलबाईने ती लगेच उघडली. कागद जागच्या जागी होता, एक बाजू कोळशासारखी काळी होती. वीज. भगवानराव मात्र चिडले होते. तुझ्या हातात आता पहिल्यासारखी सफाई न्हाई राहिली, म्हणाले. आयुष्यात जी मोटार तिने सगळ्यात नीट भरली होती तीच तिला खाली बघायला लावून गेली. जुन्या, तोकड्या कागदाच्या कितीतरी मोटारी अजून शिवारात पाणी ओढत होत्या.

हे सगळं तिने निकिताला सांगितलं. निकिता म्हणाली, एका मोटारीवरून काही ठरत न्हाई आई, लय माल बघावा लागतोय. कमलबाई म्हणाली, लय माल व्हता तवा मी बघत नव्हते, अन् आता बघायलेय तर मालच न्हाई.

दसऱ्याच्या सुट्टीत निकिता घरी आली. दोघींनी ओसरीवर बसून आधीचे सगळे मेसेज ऐकले. निकिताला त्यातून उत्तर काढायचं होतं. पंख्यांचे मेसेज आनंदी आणि छोटे, शेवटी बहुतेकदा भाकरी टाकायचीय असं. सौर पंपाचे त्याहून छोटे. शिकवण्याचे लांब आणि वाढत गेलेले. धुराच्या दिवसाचा अकरा मिनिटांचा.

"हे बघ," निकिता म्हणाली, "इथं तू सगळ्यात जास्त बोललीस. म्हणजे तुझा जीव यातच हाय."

"त्या दिवशी मी रडायले व्हते," कमलबाई म्हणाली. "तुमच्या प्रयोगात रडणं बी धरतेत का?"

निकिता हसली. तिने फोन आईच्या हातात दिला. कमलबाईला पंख्यांचा मेसेज पुन्हा ऐकायचा होता, कारण त्यात मागं शेजारणीचं हसणं ऐकू येत होतं. तो ऐकल्यावर ती म्हणाली की मला तर हेच बरं वाटलं व्हतं. पण मग नंतर एक मिक्सर आला, तो पंधरा दिवस पडून व्हता तरी मी हात लावला न्हाई, ते का? निकिताने तो मेसेज पुन्हा एकदा लावला.

दिवाळीनंतर सिताराम सरांचा फोन आला. नवी तुकडी सुरू होत होती; मंगळवार आणि शुक्रवार येता का, म्हणून विचारलं. कमलबाईने खरं ते सांगितलं: सर, मलाच पहिल्यापेक्षा कमी कळायलंय. पहिलं मी डोळे झाकून मोटार भरायचे, आता दर खाचेला थांबते. कशी शिकवू? सर म्हणाले, "कमलताई, त्या जळालेल्या मोटारी हायत का अजून? असतील तर त्याच घेऊन या."

त्या सातांपैकी काहींच्या मालकांनी सौर पंप घेतले होते, म्हणून त्या मोटारींची जळक्या तारेसकट लोखंडी कवचं तिच्याकडेच पडून होती. त्यांतली तीन पोत्यात घालून ती एसटीत चढली. कंडक्टर म्हणाला, बाई, हे लोखंड टपावर टाकायला पाहिजे व्हतं. पण त्याने जाऊ दिलं. केंद्रात नव्या मुली होत्या आणि त्यांच्यात जुन्या तुकडीची पंकजाही मदतीला आली होती. कमलबाईने या वेळी तार हातात घेतलीच नाही. तिने तिन्ही मोटारी मधोमध ठेवल्या आणि विचारलं, कुठली कशानं जळाली, सांगा.

मुली वाकून बघायला लागल्या. पहिली सगळ्यांना ओळखता आली, दुसरीवर दोघींचं भांडण झालं. तिसरी ती होती जिचं कमलबाईलाही कळलं नव्हतं. तिने तसं सांगितलं. पंकजा ती खिडकीपाशी घेऊन गेली, बराच वेळ फिरवून बघितली आणि म्हणाली, ताई, हिचं बेअरिंग आधी गेलंय. त्यामुळं आतला फिरता रोटर घासलाय, अन् त्यानं तार तापली. हे वायंडिंगचं जळणं न्हाईच. कमलबाईने डोळ्यांवर चष्मा चढवला. पंकजा म्हणत होती तशी रोटर घासल्याची रेघ लोखंडावर सगळीकडून गेली होती. ती रेघ तिने घरी कितीदा बघितली होती आणि तिचा अर्थ लावला नव्हता.

तिला आनंद झाला आणि थोडा रागही आला. राग पंकजाचा नव्हता. कुणाचा, ते तिला सांगता येणार नाही. त्या दिवशीचा मेसेज चार मिनिटांचा झाला आणि त्यात ती पंकजाचंच बोलत होती.

हे असंच चाललं आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी ती परभणीला जाते. बाकीचे दिवस दुकान उघडते, मोटार आली तर भरते, नाही आली तर सरांनी दिलेलं पुस्तक घेऊन बसते. ते सूत्र तिला आता वाचता येतं. त्याप्रमाणे हिशेब केला की बासष्टच्या जागी कधी साठ येतात, कधी चौसष्ट, आणि यातलं खरं कोणतं म्हणून ती सरांना विचारते. सर म्हणतात, तिन्ही चालतात. मग आपण एवढी वर्षं वीस चुकू नये म्हणून जीव का टाकला, हे तिला कळत नाही. गोपीचंदने परवा विचारलं, दुकान ठेवायचं की बंद करायचं? तिने सांगितलं की उन्हाळाभर राहू द्या. उन्हाळ्यानंतर काय, असं त्याने विचारलं नाही आणि ती बरं झालं म्हणाली मनात.

गेल्या शुक्रवारी गाडीत शेजारी एक बाई बसली होती, लेकीकडे निघालेली. तिने कमलबाईच्या हातातलं पुस्तक बघितलं आणि विचारलं, तुमी मास्तरीण हाव का?

"न्हाई," कमलबाई म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे मंगळवारी अन् शुक्रवारी हाय. तसं मी मोटारी भरते. म्हणजे आदी लय भरायचे, आता कमी."

बाईला काही समजलं नाही. मोटारी म्हणजे कशाच्या, तिने विचारलं. कमलबाईने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. परभणी आली तरी तिचं सांगून झालं नव्हतं.